रामाच्या भुवया

माझ्या भाच्याला ज्या वाक्याचा सगळ्यात जास्त राग आला होता, ते वाक्य खरं होतं. ‘रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा’ या ॲनिमेशनपटाबद्दल एका ऑनलाइन समीक्षकाने म्हटलं होतं की यातला राम सव्वादोन तास एकाच चेहऱ्याने वावरतो. लग्न असो, वनवास असो, युद्ध असो, भुवया काही जागच्या हलत नाहीत. बाकीही बरंच होतं. माणसं चालताना अडखळतात, ओठ आणि शब्द यांची गाठ पडत नाही, अख्खं रामायण कोंबल्यामुळे कथा नुसती पळते, सीतेला काही कामच ठेवलेलं नाही. आणि लोक डोळे पुसत बाहेर येतात ते चित्रपटामुळे नाही, स्वतःच्या बालपणामुळे. पाचपैकी दोन तारे.

हा मामला २०२५ च्या जानेवारीतला. २४ तारखेला हा चित्रपट फोर-केमध्ये लख्ख होऊन आपल्याकडच्या थिएटरांत लागला. भाच्याची पिढी आता तिशीत आहे. त्यांनी तो लहानपणी कार्टून नेटवर्कवर पाहिलेला, सुट्टीत, जाहिरातींसकट, जेवणाच्या ताटावरून आईच्या शिव्या खात. त्यातून ही मंडळी नाशिकची. पडद्यावरच्या गोष्टीचा एक मोठा तुकडा आमच्या गावातच घडला असं आम्ही मानतो. पर्णकुटी पंचवटीत होती, शूर्पणखेचं नाक तपोवनात कापलं गेलं, सीतेला इथूनच नेलं. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला रामकुंड, काळाराम, सीता गुंफा, तपोवन असं फिरवून शेवटी मिसळीला बसवायचं हा आमचा ठरलेला कार्यक्रम. त्यामुळे टीका चित्रपटावर झाली खरी, पण ती लागली आमच्या पत्त्याला. समीक्षक पुण्याचाच असणार हेही कुणी न तपासता ठरून गेलं.

रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळीच्या टेबलावर त्याच्यावर खटला भरला. मी तिथे होतो तो मामा म्हणून, म्हणजे बिल देणारा म्हणून. आरोपी अर्थातच गैरहजर.

एकाचं म्हणणं, रामावर बोलायची याची लायकी काय? दुसऱ्याचं, हा पिक्चर जपान्यांनी केलाय, त्यांनी एवढं केलं आणि आपण काय केलं? तिसऱ्याचं म्हणणं, याने नवीन डबिंग ऐकलंय, जुनं हिंदी ऐकलेलंच नाही, तेव्हा याचं मत धरायचंच कशाला. मग अमरीश पुरींच्या आवाजातला रावण टेबलावर अवतरला. प्रत्येकाने आपापला अमरीश पुरी करून दाखवला आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मुलाची खुर्ची आपल्याकडे ओढून घेतली.

जुन्या हिंदीचा मुद्दा मला पटला, पण ते म्हणत होते त्या कारणासाठी नाही. अरुण गोविल यांचा राम, अमरीश पुरींचा रावण, शत्रुघ्न सिन्हांचं निवेदन, हे आवाज ज्याच्या कानात बसलेत त्याला नवीन आवाज परकेच वाटणार. पण हा वाद चाहत्यांचा आपसातला आहे. समीक्षकाने ओठ आणि शब्द जुळत नाहीत असं म्हटलं, त्याला खरं उत्तर वेगळं आहे. चित्रपटाचे मूळ संवाद इंग्रजीत होते. गाणी संस्कृतात, वसंत देवांनी लिहिलेली, वनराज भाटियांचं संगीत. म्हणजे जुनी हिंदी काय आणि नवी हिंदी काय, दोन्ही दुसऱ्या भाषेच्या ओठांवर चढवलेल्या. हे टेबलावर कुणीच बोललं नाही. बोलले असते तर समीक्षकाचा एक मुद्दा तिथल्या तिथे निकालात निघाला असता. पण रागावलेल्या माणसाला मुद्दा निकालात काढायचा नसतो, माणूस निकालात काढायचा असतो.

‘रामावर बोलायची लायकी’ या मुद्द्यापाशी मात्र मला थांबावंसं वाटतं. या चित्रपटाचा जन्मच त्या प्रश्नातून रखडत रखडत झालाय. युगो साको हा जपानी दिग्दर्शक १९८३ च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करायला भारतात आला आणि रामायणाच्या नादाला लागला. त्याची बातमी छापून आल्यावर विश्व हिंदू परिषदेने दिल्लीच्या जपानी दूतावासाला निषेधाचं पत्र पाठवलं, की परक्या माणसाने आमच्या रामायणावर मनमानी चित्रपट करायचा नाही. तो गैरसमज पुढे मिटला. पण भारत सरकारने भागीदारीला शेवटी नकारच दिला; विषय नाजूक, त्याचं कार्टून कसं करायचं? साकोचं म्हणणं बरोबर उलटं होतं. राम देव आहे, म्हणून तो नटापेक्षा चित्रातून दाखवणंच योग्य, असं त्याला वाटत होतं. शेवटी चित्रपट जपानमध्ये तयार झाला. कोइची सासाकी आणि आपले राम मोहन असे आणखी दोन दिग्दर्शक सोबत होते. १९९३ च्या जानेवारीत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो दाखवला गेला, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तो टीव्हीसमोरच्या मुलांनी सांभाळला.

तर ‘तू कोण रामावर बोलणारा’ हे वाक्य आधी या चित्रपटालाच ऐकवलं गेलं होतं. आता त्याचे चाहते तेच वाक्य समीक्षकाला ऐकवत होते. आणि नाशिकच्या माणसाने तर ते जरा जपूनच वापरावं. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो याच गावात, आणि तेव्हा रामाकडे बघायची लायकी कुणाची हे ठरवणारे लोक परके नव्हते. मी हे टेबलावर बोललो. कुणी काही म्हटलं नाही, फक्त पावाची आणखी एक प्लेट आली.

देवाच्या चित्रपटावर टीका करणं आपल्याकडे अवघड का, याचं उत्तरही इथल्याच मातीत आहे. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘लंकादहन’ १९१७ मध्ये आला, तेव्हा राम पडद्यावर दिसला की प्रेक्षक पायताण काढत असत असं सांगतात. २०२५ च्या जुलैमध्ये ‘महावतार नरसिंह’ आला, तेव्हाही लोकांनी थिएटरात चपला बाहेर काढल्याच्या बातम्या आल्या, आणि ॲनिमेशन कच्चं आहे म्हणणाऱ्या समीक्षकांना पुन्हा तीच उत्तरं मिळाली. शंभराहून जास्त वर्षं प्रेक्षक चपला काढतोय. चपला काढून बसलेल्या माणसाला तुम्ही रेषा कच्ची आहे म्हणून सांगायला गेलात तर तो तुमच्याकडे देवळात फोनवर बोलणाऱ्या माणसाकडे बघतात तसंच बघणार.

आणि तरीही रेषा कच्ची की पक्की हे बघावंच लागतं. फाळक्यांनीही ते बघितलंच असणार. वाटाण्याचं रोप कुंडीत लावून, ते वाढताना रोज थोडं थोडं फ्रेम-फ्रेमने टिपणारा माणूस होता तो. १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली, म्हणजे काड्या एका वेळी किंचित सरकवायच्या, एक फ्रेम घ्यायची, परत सरकवायच्या. आपल्याकडचं ॲनिमेशन तिथून सुरू होतं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे आम्ही शाळेच्या सहलीला जायचो आणि कारंजं बघून परत यायचो. काडेपेटीचा विषय कुणी काढला नाही.

टेबलावर एकच व्यक्ती समीक्षकावर ओरडत नव्हती. भाच्याची मैत्रीण, एका शाळेत चित्रकला शिकवते. बराच वेळ ती नुसती लिंबू पिळत होती. मग तिने कागदी रुमाल घेतला, त्यावर तर्रीचा एक डाग आधीच पडलेला, आणि बॉलपेनने एक चेहरा आणि बाजूला तीन डोळे काढले. एक उघडा, एक अर्धा मिटलेला, एक मिटलेला. “हे तीन झाले की पापणी लवते,” ती म्हणाली. “बाकी चेहऱ्याला हात लावायचा नाही. चेहरा एका सेलवर, म्हणजे पारदर्शक शीटवर. डोळे दुसऱ्या, ओठ तिसऱ्या. वरचं तेवढं बदलायचं.” मग रुमालाची घडी करून तिने डोळे चेहऱ्यावर आणले. मिटलेला डोळा नेमका डागावर आला. सगळे हसले, पण ती दाखवत होती ते सगळ्यांना दिसलंही.

मग हिशोब निघाला, तिथेच, मोबाईलवर. १३५ मिनिटं म्हणजे ८,१०० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १,९४,४०० फ्रेम. या चित्रपटाला सुमारे साडेचारशे कलाकार आणि एक लाखाच्या आसपास हाताने काढलेली चित्रं लागली असा आकडा नेहमी दिला जातो. एकेक चित्र दोन दोन फ्रेम धरून ठेवलं तर साधारण तेवढीच होतात. शिवाय एका फ्रेमसाठी कधी तीन-चार सेल एकमेकांवर ठेवलेले असतात, म्हणजे प्रत्यक्षात हात आणखी राखूनच वापरलेला. जपानी ॲनिमेशनची ही जुनी रीत. १९६३ मध्ये ‘ॲस्ट्रो बॉय’ टीव्हीवर दर आठवड्याला द्यायचा होता, तेव्हापासून कमी चित्रांत भागवायची सवय त्यांना लागली आणि पुढे त्या काटकसरीचीच एक शैली झाली. चेहरा स्थिर, पण केस उडतायत. माणूस उभा, पण मागचं आभाळ सरकतंय. हालचालीवर वाचवलेली मेहनत मागच्या रंगवलेल्या दृश्यांवर ओतलेली असते. या चित्रपटातली अरण्यं, राजवाडे, नद्या बघा. एका पानाआड दुसरं पान असं रंगवत बसलेला कुणीतरी माणूस त्यामागे आहे, हे फोर-केमध्ये तर फारच जाणवतं.

“म्हणजे तो बरोबर बोलला?” भाच्याने विचारलं. आवाज दुखावलेला.

“दिसलं ते बरोबर सांगितलं त्याने,” ती म्हणाली. “का तसं आहे ते नाही सांगितलं.”

चाहत्यांना नेमकं इथेच अडायला होतं असं मला वाटतं. समीक्षक म्हणतो चेहरा हलत नाही. चाहता म्हणतो, हलतो! आणि मग तो चित्रपट परत लावून कुठेतरी हललेली एखादी भुवई शोधत बसतो. हरायचा याहून सोपा मार्ग नाही. चेहरा हलत नाही हे मान्य करून पुढे गेलं की खरा प्रश्न समोर येतो. याच चित्रपटात हनुमान बघा, वानरसेना बघा, झोपेतून उठवलेला कुंभकर्ण बघा, चिडलेला रावण बघा. तिथे गाल, नाक, दात, भुवया सगळं मुक्तपणे खेळतं. तेच कलाकार, तोच पैसा, तीच काटकसर. म्हणजे त्यांना चेहरा हलवता येत होता. रामाचा हलवला नाही. त्या समीक्षकाने ते कौशल्याचा अभाव म्हणून मोजलं, आणि माझा त्याच्याशी मतभेद आहे तो एवढ्यावरच.

का हलवला नसेल, याचा उलगडा मला पंचवटीत झाला. आमच्या आईच्या नात्यातल्या एक आजी काळारामाच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांच्याकडे गेलो असताना भाच्याने त्यांनाही हे सगळं सांगितलं. तो हल्ली रिक्षावाल्यालाही सांगतो. आजींनी चित्रपट पाहिलेला नाही. कार्टून म्हणजे उंदीर-मांजर एवढंच त्यांना माहीत. वाती वळता वळता त्या म्हणाल्या, “अरे, आमच्या रामाचा चेहरा काकडआरतीला असतो तोच शेजारतीला. त्याला कुणी पाचपैकी दोन दिले का?”

त्यानंतर मी देवळात गेलो तेव्हा मुद्दाम बघितलं. मूर्ती काळ्या पाषाणाची, त्यामुळे उजेड तिच्यावर बसत नाही, घसरतो. वस्त्र रोजचं वेगळं, हार वेगळा. आरती सुरू झाली, पुजाऱ्यांचा हात गोल फिरायला लागला, तशी ज्योतीची तांबूस झाक हनुवटीवरून गालावर आणि गालावरून कपाळाकडे गेली. क्षणभर डावा डोळा सावलीत आणि उजवा उजेडात होता. माझ्या शेजारी एक मुलगा आईच्या कडेवर होता, तो म्हणाला, “हसला.” आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, ती स्वतःच कुठेतरी गुंतली होती. त्या गर्दीत नवस फेडायला आलेले होते, रडणारे होते, लग्नाची पत्रिका ठेवायला आलेले होते, आणि एकच न हलणारा चेहरा त्या सगळ्यांना पुरत होता. आपला प्रेक्षक रामाचा चेहरा असाच बघत आलेला आहे. तो स्वतःचं काहीतरी घेऊन जातो आणि चेहऱ्यावर ठेवतो. साको म्हणायचा की राम देव आहे म्हणून चित्र हवं. त्या दृष्टीने पाहिलं तर हा राम पात्र कमी आणि मूर्ती जास्त आहे, आणि कमी चित्रांची जपानी रीत मूर्तीला आपोआप सोयीची पडली.

आता हा बचाव मी पूर्ण ताणणार नाही. मूर्ती जागेवर उभी असते, हा राम चालतो, बाण मारतो, बायको हरवल्यावर रानोमाळ फिरतो. वाल्मीकींचा राम तर तेव्हा कोसळतो. अरण्यकांडात तो कदंबाला विचारतो, बेलाला विचारतो, अर्जुनाला, अशोकाला, दिसेल त्या झाडाला विचारत सुटतो, की सीता पाहिलीस का. हे आमच्याच अरण्यात. १९५५ च्या १ एप्रिलला पुणे आकाशवाणीवरून गीत रामायण सुरू झालं आणि आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गाण्यांत माडगूळकर-फडक्यांनी मराठी कानांना हसणारा, रडणारा, समजूत घालणारा राम दिला. त्या रामावर वाढलेल्या माणसाला हा जपानी राम थंड वाटला तर तो नास्तिक ठरत नाही आणि अडाणीही ठरत नाही. मला स्वतःला युद्धाचा भाग लांबलेला वाटतो आणि वनवास घाईत उरकलेला. पंचवटीतली म्हणून जी काही शांतता असेल ती मला हवी होती, आणि राक्षसांची एक तुकडी कमी चालली असती. पण मी नाशिकचा आहे, मी असंच म्हणणार.

बालपणाच्या मुद्द्यावर मात्र मी समीक्षकाच्या विरुद्ध आहे. लोक बालपणासाठी रडतात, चित्रपटासाठी नाही, हे म्हणणं ऐकायला टोकदार आहे, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याच वयात त्याच चॅनेलवर या पोरांनी आणखी शंभर गोष्टी पाहिल्या. त्यातल्या बहुतेकांची नावंही आता त्यांना सांगता येत नाहीत. जटायूचे पंख कापले जातात तो प्रसंग मात्र टेबलावरच्या प्रत्येकाला आठवत होता, आणि तो सांगताना मघाशी आरडाओरडा करणारा मुलगासुद्धा हळू बोलायला लागला. या चित्रपटाचे एक दिग्दर्शक राम मोहन १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकायला लागले, क्लेअर वीक्स या डिस्नेतून आलेल्या माणसाच्या हाताखाली. आपल्याकडच्या माणसाच्या अंगात धोतराच्या गाठीपासून नमस्कारापर्यंत काय काय असतं ते जपानी चित्रकारांपर्यंत पोचवायचं काम त्यांच्यासारख्यांनी केलं. ते मुलांना लक्षात राहिलं असेल तर ती किमया बालपणाची कशी?

एवढं सगळं झाल्यावर समीक्षकाचा एक मुद्दा उरतो. सीतेला काही काम नाही, हा. टेबलावर त्याला कुणी हातच लावला नव्हता. भाच्याने पंचवटीतून परतताना, इंद्रकुंडापाशी ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो तेव्हा, तो निकालात काढायचा प्रयत्न केला. “मामा, पण रामायणातच तसं आहे ना. ती काय बोलणार?”

मागच्या सीटवर चित्रकलेच्या बाई होत्याच. त्या म्हणाल्या, तसं नाहीये. वनवासाला सोबत न्यायला राम तयार होत नाही, तेव्हा वाल्मीकींची सीता त्याला सरळ सुनावते, की माझ्या बापाने पुरुषाचं रूप घेतलेली बाई जावई म्हणून पत्करली. आणि दंडकारण्यात शिरल्यावर ती त्याला थांबवते: ज्यांनी आपलं काही वाकडं केलं नाही अशा राक्षसांना मारायचं वचन तू ऋषींना का देऊन बसलास? हातात शस्त्र असलं की बुद्धी फिरते, म्हणून एका तपस्व्याची आणि त्याच्याकडे ठेवायला दिलेल्या तलवारीची गोष्ट सांगते. एवढा मजकूर हाताशी असताना सव्वादोन तासांत त्यातलं एक वाक्य घ्यायला काय हरकत होती?

भाचा गप्प. सिग्नल सुटला तरी गप्प. मग म्हणाला, “हे खरंच आहे का पुस्तकात?”

आहे की नाही ते बघायला त्याने सार्वजनिक वाचनालयातून वाल्मीकी रामायणाचं मराठी भाषांतर आणलंय. आधी बरोबर तोच सर्ग काढून वाच म्हटलं तर ऐकत नाही, पहिल्यापासून वाचणार म्हणतो, म्हणजे समीक्षकाला उत्तर देताना कुणी अर्धवट वाचलंय म्हणायला नको. तो अजून बालकांडातच आहे.